हात न लावलेली नाणी

बेबीचं वय शेहेचाळीस. घरातल्यांनी तिला लहानपणी बेबी म्हणायला सुरुवात केली आणि पुढे थांबायचं कुणाला सुचलंच नाही. ऑफिसात तिला सगळे बाई म्हणत. आणि जुनी चांदीची नाणी ऑनलाइन विकायला टाकणारे लोक पाठीमागे काय म्हणत ते तिने कधी विचारलं नाही, पण अंदाज होता.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मालक आणि त्यांचे फोन. मागच्या खोलीत बेबी, एक मोठा स्क्रीन, मान वळणारा एक दिवा आणि तीन भिंगं. लोक आपापल्या नाण्यांचे फोटो साइटवर चढवत. बेबीने एकेक फोटो बघायचा आणि त्याखाली तीनपैकी एक शेरा टाकायचा: ‘मूळ स्थितीत’, ‘साफ केलेले’ किंवा ‘सांगता येत नाही’. हा तिसरा शेरा मालकांना अजिबात खपत नसे. “सांगता येत नाही हे सांगायला मी तुम्हाला ठेवलंय का बाई?” असं ते महिन्यातून एकदा तरी म्हणत.

चांदीचं नाणं शंभर-दीडशे वर्षं पडून राहिलं की त्यावर आधी राखाडी, मग काळसर, कुठे निळसर असा थर चढतो. जाणकारांना तो थर हवा असतो. घासून काढला की नाणं चकचकीत दिसतं खरं, पण थराबरोबर वरची चांदीही जाते, आणि ती काही परत येत नाही. सगळ्या जगाला भांडी, आरसे, चष्मे स्वच्छ लागतात; या धंद्यात मात्र स्वच्छता हा गुन्हा.

हा गुन्हा बेबीने फोटोवरून पकडायचा. दिवसाला दीडशे फोटो. आणि फोटो तरी कसले! कुणी खिडकीत उन्हात ठेवून काढलेला, नुसता पांढरा गोळा. कुणी फ्लॅश मारलेला, त्यात नाण्यावर राणीच्या तोंडाऐवजी काढणाऱ्याचंच तोंड. कुणी सोफ्यावर ठेवून, कुणी गाडीच्या बॉनेटवर. खरं-खोटं कळायला नाणं हातात घेऊन एका दिव्याखाली हळूच कलतं करावं लागतं. न घासलेल्या नाण्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. घासलेल्यावर तो जिथल्या तिथे बसून राहतो आणि केसासारखे बारीक ओरखडे दिसतात, चेहऱ्यावरून, अक्षरांवरून, मोकळ्या जागेवरून सरसकट गेलेले. फोटोतलं नाणं कलतं होत नाही. म्हणून बेबी दिवसभर स्वतःचीच मान कलती करायची आणि संध्याकाळी ती मान धरून घरी जायची.

त्या दिवशी सकाळीच एका निवृत्त गृहस्थांचा फोन आला.

“तुम्ही माझं नाणं साफ केलेलं म्हणून लिहिलंय.”

“हो. ओरखडे दिसतायत.”

“मी साफबिफ काही केलेलं नाही. फक्त पुसलं.”

“कशाने?”

“रुमालाने.”

“नुसत्या रुमालाने?”

“त्याला थोडी टूथपेस्ट होती.”

“म्हणजे साफच केलं ना हो!”

“अहो, साफ वेगळं आणि स्वच्छ वेगळं. मी स्वच्छ केलं.”

बेबीने कपाळावर हात मारून घेतला. गृहस्थ पाऊण तास बोलले. फोन ठेवला तेव्हा तिचा चहा निवला होता आणि स्क्रीनवर सव्वीस नवे फोटो येऊन बसले होते.

दुपारी चाळीस नाण्यांचा एक गठ्ठा आला. विकणाऱ्याचं नाव तिला दिसत नसे, नुसता आकडा दिसे. फोटो मात्र दिवसभरातले सगळ्यात बरे होते; मागे काळं कापड, उजेड एका बाजूने. पहिलंच नाणं बघून तिने तोंड वाकडं केलं. आरशासारखं पांढरं. अक्षरांच्या बेचक्यांत तेवढा काळा थर उरलेला, जिथे फडकं पोचत नाही तिथे. आणि मोकळ्या जागेवर गोल गोल ओरखडे, कुणीतरी बोटाला कापड गुंडाळून आरामात बसून घासल्यासारखे. ‘साफ केलेले.’ दुसरं, ‘साफ केलेले.’ तिसरं, तेच. तिचा हात सरावाने चालला होता आणि डोकं पेटलं होतं. काय एकेक नग होते! अशी नाणी तिने दहा-दहा वर्षांत पाहिली नव्हती. कुणा गाढवाच्या हाती लागली असतील?

सतराव्या नाण्यावर शिडाचं जहाज होतं. त्याच्या कडेला, शिडाच्या बरोबर वर, एक बारीक खोक होती. बेबीचा हात थांबला.

ती खोक तिनेच पाडली होती. दहा वर्षांची असताना, मामाच्या घराच्या दगडी पायरीवर.

तिचा मामा छापखान्यात खिळे जुळवायचा. उलटी अक्षरं सुलट्या अक्षरांपेक्षा भरभर वाचणारा माणूस. पगारातून वाचवून वाचवून त्याने चाळीस वर्षांत ही चाळीस नाणी जमवली होती. कपाटाच्या खणात हिरवं बनाती कापड अंथरलेलं आणि प्रत्येक नाण्याला त्यात स्वतःचा खळगा. बेबी सुट्टीत राहायला गेली की तो तिला खिडकीपाशी बसवून एकेक दाखवायचा. हात कोरडे करून यायचं. कडेला धरायचं. “नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही. तुझ्या तोंडाला कुणी बोट लावलेलं चालेल का तुला?” जहाज तिच्या हातून पडलं तेव्हा मामाने तिचा कान असा पिळला होता की मामी मध्ये पडली. पण पुढच्या सुट्टीत त्यानेच ते पुन्हा तिच्या हातात दिलं. आज ती जे काही बघू शकत होती, ते त्या खिडकीपाशी शिकली होती. शहरातल्या नाणी जमवणाऱ्यांचं मंडळही मामानेच काढलेलं. तिथे तीस वर्षं तो दर सभेत एकच भाषण करायचा: घासू नका. मंडळी त्याला ‘हात-लावू-नका’ असंच म्हणत.

आणि त्याची नाणी ही अशी, घासून घासून टक्कल पडल्यासारखी!

तिने तडक मामेभावाला फोन लावला.

“बंडू, मामाची नाणी तू घासलीस?”

“मी? मला त्या कपाटाजवळ कधी उभं केलंय का त्यांनी? बाबांनीच खोका हातात दिला. म्हणाले, फोटो काढ आणि तुझ्या नावाने विकायला टाक. फोटो चांगले आलेत ना?”

“फोटो चांगले आलेत. नाणी गेली.”

“गेली? एवढ्यात? कितीला?”

“ठेव फोन, बंडू.”

बाकीची तेवीस नाणीही तिने बघितली. चाळीसच्या चाळीस ‘साफ केलेले’. शेवटच्या शेऱ्यावर बोट दाबताना तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संतापच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मामाचा फोन.

“बेबी, तू माझ्या नाण्यांना साफ केलेली म्हणतेस?”

“मामा, ती साफ केलेलीच आहेत.”

“कुणी हात लावलेला नाही त्यांना. मी सांगतोय ना? चाळीस वर्षं माझ्या कपाटात आहेत.”

“मामा, अरे ओरखडे...”

“फोटोत ओरखडेच दिसतात. तू फोटोवरून मला शिकवणार?” आणि त्याने फोन आपटला.

दहा वाजता आईचा फोन. “माझ्या भावाला खोटा पाडतेस? ज्याने तुला नाणं कसं धरायचं ते शिकवलं त्याला?” बेबीने समजवायला तोंड उघडलं, तोवर आई पुढे गेली होती. “एवढंसं लिहायला तुझं काय जातंय?”

साडेदहाला मालक स्वतः मागच्या खोलीत आले. “बाई, हा गठ्ठा काय झळकतोय! आणि याला तुम्ही साफ केलेलं म्हणता?”

“झळकतोय म्हणूनच म्हणते.”

“विकणाऱ्याने तक्रार केलीय. तुमच्या घरचेच आहेत म्हणे? मग प्रश्नच नाही. जाऊन हातात घेऊन बघून या. आणि येताना जरा बरा शेरा घेऊन या.”

“शेरा काय भाजी आहे का?” बेबी म्हणाली, पण मालक तोवर फोनवर दुसऱ्याशी गोड बोलायला लागले होते.

रविवारी ती बसने मामाकडे गेली. पर्समध्ये भिंग, घडीचा दिवा, आणि कागदात गुंडाळलेलं एक नाणं. ते मामानेच तिला पहिली नोकरी लागली तेव्हा दिलेलं. काळंभोर, एका बाजूला पंख पसरलेला पक्षी. फोटो बघून बघून डोळे बधिर झाले की ती ते हातात घेऊन बघायची, म्हणजे खरं कसं असतं ते आठवायचं.

मामा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. वर्षभरात थकला होता, पण आवाज तोच. मामीने चहा आणला. खोका टेबलावर होता. बेबीने हात कोरडे केले, दिवा लावला आणि पहिलं नाणं कडेला धरून कलतं केलं. उजेड हललाच नाही. भिंगाखाली अक्षरांच्या कोपऱ्यात पांढरी पावडर वाळून बसलेली होती. तिने सुईच्या टोकाने जराशी काढून कागदावर ठेवली.

“हे काय आहे, मामा?”

“धूळ.”

“पांढरी धूळ?”

“चुना असेल. भिंती जुन्या आहेत.”

“मामी, तू घासलीस का गं ही कधी? खरं सांग. भांड्यांबरोबर वगैरे?”

मामीने कप खाली ठेवला. “मला त्या कपाटाची किल्ली कुठे असते तेसुद्धा माहीत नाही. चाळीस वर्षं संसार केला, तो खण मी उघडा पाहिला असेल चारदा. माझ्यावर आळ घेऊ नकोस हं, बेबी.” आणि ती फणकाऱ्याने आत गेली.

बेबीचा धीर सुटला. तिने कागदातून आपलं काळं नाणं काढलं आणि मामाच्या तळहातावर ठेवलं. “हे बघ. आणि आता तुझं बघ. दोन्ही शेजारी धर आणि मला सांग की दोन्ही सारखी आहेत. तू सांग, मी लगेच ‘मूळ स्थितीत’ लिहिते.”

मामाने नाणं उचललं. खिडकीकडे वळला. डोळ्यापाशी नेलं, मग दूर धरलं, मग डोकं एका बाजूला करून कडेने बघायला लागला, जसं कुणी भिंतीआडून डोकावावं. आणि मग त्याचा अंगठा हळूच नाण्याच्या तोंडावर गेला आणि फिरायला लागला.

बेबी बघतच राहिली. या माणसाने तोंडाला अंगठा लावला?

“चांगली राणी आहे,” मामा म्हणाला. “मुकुट शाबूत आहे.”

“मामा, तो पक्षी आहे.”

मामाचा अंगठा पुन्हा एकदा पंखावरून गेला.

“तूच दिलंयस ते मला,” बेबी म्हणाली.

“हो का,” तो म्हणाला. मग त्याने नाणं टेबलावर ठेवून खिडकीकडे तोंड केलं. आत मामी भांडी आपटत होती. “काळ्यावरचं काळं दिसेना गं,” तो अखेर हळू आवाजात म्हणाला. “आधी वर्ष दिसेनासं झालं. मग अक्षरं. मग चेहरे. खण उघडायचा आणि चाळीस काळे ठिपके. म्हटलं, एक घासून बघू. राणीवालं. घासलं तर दिसली की! वर्षसुद्धा वाचता आलं. तीन वर्षांनी वाचलं मी ते.”

“आणि मग दुसरं.”

“मग रोज सकाळी एक. चाळीस दिवस. त्या चाळीस दिवसांत मला इतकं बरं वाटलं, काय सांगू तुला.”

बेबीला काय वाटावं तेच कळेना. मामाला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी गदागदा हलवावंसंही. “डॉक्टरकडे का गेला नाहीस?”

“गेलो होतो. एकटाच. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे म्हणाला. गेलेलं परत येत नाही. फार तर पुढचं जरा हळू जाईल.”

“मामीला माहीत आहे?”

“नाही. आणि तू सांगायचं नाहीस.”

“आणि विकायला का काढलीस?”

“आता मला घासलेलीसुद्धा दिसत नाहीत,” मामा म्हणाला. “मग ठेवून काय करू?”

मग त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. “बेबी, मंडळातली सगळी माणसं तुमची साइट बघतात. त्यांना माझं एकेक नाणं पाठ आहे. त्याखाली ‘साफ केलेले’ लिहिलंस तर मी त्यांना तोंड कसं दाखवू? मूळ स्थितीत लिहू नकोस, बाबा. ‘सांगता येत नाही’ लिही. एवढं कर.”

“पण सांगता येतंय, मामा. दुरूनसुद्धा सांगता येतंय.”

“मी शिकवलं ते माझ्यावरच चालवतेस?”

“मग कुणावर चालवू? त्या टूथपेस्टवाल्या आजोबांवर? ते पण पाऊण तास रडत होते. त्यांना काय सांगू, माझ्या मामाला वेगळा नियम आहे?”

“मग लिही,” मामा ओरडला. “लिही काय लिहायचं ते! आणि परत इथे येऊ नकोस.”

मामी दारात आली, दोघांकडे बघितलं आणि काय झालं ते विचारलं. बेबीने दिवा मिटला, आपलं नाणं कागदात गुंडाळलं आणि निघाली. स्टॉपवर बसची वाट बघताना ती मामावर चिडली, डॉक्टरवर चिडली, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, कारण शेरा बदलायला खरंच काय जातंय हे तिला मनातल्या मनातसुद्धा नीट सांगता येत नव्हतं.

सोमवारी तिने शेरे आहेत तसेच ठेवले. मालकांनी दोन दिवस तोंड फुगवलं. बुधवारी बंडूने सगळा गठ्ठा साइटवरून काढून घेतला. मालकांनी मग आणखी चार दिवस तोंड फुगवलं. आईने फोन करणं बंद केलं. मामाच्या डोळ्यांबद्दल बेबी कुणाला बोलू शकत नव्हती, त्यामुळे सगळ्यांच्या लेखी ती नुसती हट्टी आणि मुलखाची वाकडी ठरली.

दहा दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, ती सहज दुसरी एक साइट चाळत होती. आणि घास हातातच राहिला. काळं कापड, एका बाजूने उजेड, शिडाचं जहाज. चाळीसच्या चाळीस. खाली लिहिलं होतं: ‘एकाच मालकाचा चाळीस वर्षांचा संग्रह. मूळ झळाळी. आजवर कुणाचाही हात न लागलेली नाणी.’ त्या साइटवर तपासणारं कुणी नव्हतंच. बोल्या चढत चालल्या होत्या. लोक खाली लिहीत होते: वा, काय तेज आहे! अशी नाणी आता बघायला मिळत नाहीत.

बेबीने डबा तसाच बंद केला, मालकांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, जे खोटं नव्हतं, आणि बस पकडली.

मामाने तिचा आवाज ओळखला आणि मान फिरवली. ती समोर स्टूल ओढून बसली. “भांडायला आले नाही. वाचून दाखवायला आले. तुला वाचता येत नाही ना, मग ऐक.” आणि फोनवरून तिने ते सगळं वाचलं, मूळ झळाळीपासून कुणाचाही हात न लागलेल्यापर्यंत. मग लोकांनी लिहिलेलंही एकेक करून वाचलं. वाचता वाचता तिचा आवाज चढत गेला. मामी आतून बाहेर आली आणि पदर न सावरताच उभी राहून ऐकू लागली.

“‘खऱ्या संग्राहकाचं मन यात दिसतं,’” बेबीने पुढचं वाचलं. “कोण बरं लिहितोय हा!”

“बस,” मामा म्हणाला.

“अजून आहेत.”

“बस म्हटलं ना!”

“हे तुम्ही सांगितलंत का बंडूला लिहायला?” मामीने मामाला विचारलं.

“मीच सांगितलं,” मामा म्हणाला. “शब्द माझेच आहेत. लिहून घे म्हटलं होतं. तेव्हा इतके वाईट वाटले नव्हते.” तो उठला, चाचपडत टेबलापाशी गेला, आणि तेव्हा मामीला पहिल्यांदा दिसलं की तो चाचपडतोय. “बेबी, चिटणिसाचा नंबर लावून दे.”

चिटणीस म्हणजे मंडळाचा चिटणीस, मामाचा तीस वर्षांचा मित्र आणि तेवढ्याच वर्षांचा प्रतिस्पर्धी. फोन स्पीकरवर होता.

“अरे, ती दुसऱ्या साइटवरची चाळीस नाणी,” मामा म्हणाला. “ती माझी आहेत.”

“ते काय मला कळत नाही? जहाज बघितलं आणि ओळखलं. दोनांवर बोली लावलीय मी.”

“काढून घे. घासलेली आहेत ती.”

“काहीतरीच काय बोलतोस! भिंगातून फोटो बघितलेत मी. मूळ तेज आहे. मंडळात सगळ्यांना सांगितलं मी तसं.”

“मग तुला कळत नाही,” मामा म्हणाला. “मी घासली. माझ्या हाताने. एकूण एक.”

चिटणीस म्हणाला, “तीस वर्षं तू आम्हाला उभं करून भाषणं दिलीस.”

“हो.”

“मी एकदा एक पाण्याने धुतलं होतं तर तू सहा महिने माझ्याशी बोलला नव्हतास.”

“हो. मला दिसत नाही रे आता. म्हणून घासली. पण ते कारण म्हणून सांगत नाहीये.”

चिटणिसाने फोन ठेवून दिला. कसली समजूत नाही, काही नाही.

मामी खुर्चीवर बसली होती. “दिसत नाही म्हणजे काय?” तिने विचारलं. “केव्हापासून दिसत नाही? अहो, मी तुमच्याशी बोलतेय. पेपर हातात धरून बसता रोज, ते काय मग?” आणि मग ती बेबीवर घसरली. “तुला माहीत होतं? मला सोडून तुला माहीत होतं?” त्या संध्याकाळी मामाला नाण्यांबद्दल कुणी एक शब्दही बोललं नाही, जे काही ऐकावं लागलं ते डोळ्यांबद्दल, आणि ते चिटणिसापेक्षा कडक होतं.

बंडूने आदळआपट करत गठ्ठा तिथूनही काढला. चढलेल्या बोल्या मोडल्या म्हणून त्या साइटने त्याचं खातं बंद केलं, आणि हेही बेबीमुळेच झालं असं तो आजही म्हणतो. नाणी परत टायरच्या दुकानावर आली. बेबीने चाळीसही नाण्यांखाली ‘साफ केलेले’ लिहिलं. आठवडाभर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका हॉटेलवाल्याचा फोन आला. जेवणाच्या दालनात भिंतीवर लावायला त्याला काहीतरी चमकणारं हवं होतं.

“सगळी घेतो,” तो म्हणाला. “पण बाई, अक्षरांमध्ये जरा काळं दिसतंय. ते नीट साफ करून मिळेल का?”

“नाही मिळणार,” बेबी म्हणाली आणि इतक्या जोरात की मालक धावत आले. मालकांनी फोन तिच्या हातातून घेतला आणि व्यवहार पुरा केला. कितीला गेली ते तिने मामाला सांगितलं तेव्हा तो फक्त म्हणाला, “भिंतीवर? उजेडाकडे तोंड करून लावणार आहे का तो?” तिला माहीत नव्हतं. विचारायचं तिला सुचलंच नव्हतं, आणि मग त्याचाही राग आला.

महिना गेला. चिटणिसाचा फोन मामाला आला नाही. एका सकाळी, टूथपेस्टवाल्या गृहस्थांसारख्याच दुसऱ्या कुणा गृहस्थांशी बेबीची हुज्जत चालली असताना, आईचा फोन आला. इतक्या दिवसांनी. बेबीने गृहस्थांना थांबायला सांगितलं.

“मामाला मंगळवारी पडद्याच्या डॉक्टरकडे न्यायचंय,” आई म्हणाली, जणू कालच बोलणं झालं होतं. “बंडूला सुट्टी नाही म्हणे. मामीला तिथलं काही कळत नाही. तू जा. डॉक्टर स्क्रीनवर काय काय दाखवतात, ते तुला बघता येईल.”

इतके दिवस तोंड का उघडलं नाहीस, हे बेबीच्या अगदी ओठांवर आलं होतं. दुसऱ्या फोनवर गृहस्थ “हॅलो, हॅलो” करत होते.

“किती वाजता?” तिने विचारलं.